भास्कराचार्य, अहर्गण आणि आमचं डीबीएमएस प्रॅक्टिकल

भास्कराचार्य हे नाव आपल्यातल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. कुणी लीलावतीच्या गोष्टीत ऐकलेलं असतं, कुणी गुरुत्वाकर्षण आधी कुणी सांगितलं या वादात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्यासाठी तर ते इंग्लिश पुस्तकातल्या एका रंगीत चौकटीत दोन ओळींपुरते भेटलेले गृहस्थ होते. पण यावर्षी डीबीएमएसमध्ये डेट आणि टाइमचा चॅप्टर चालू असतानाच अंकासाठी त्यांच्यावर वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की, आपण लॅबमध्ये जो प्रॉब्लेम दोन तासांत उरकतो, त्याच प्रॉब्लेमवर या माणसाने निदान तेहतीस वर्षं काम केलं. एका तारखेतून वेळ कशी काढायची, आणि काढलेली वेळ नेमकी कुठली समजायची, हा तो प्रॉब्लेम.

जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, त्यामुळे अंदाजाचं काम नाही. गोत्र शांडिल्य, गाव सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जलविड. हे विज्जलविड म्हणजे आजचं कुठलं गाव, यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. कुणी विजापूर म्हणतं, कुणी चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर सांगतं. वडील महेश्वर हे मोठे ज्योतिषी आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. घरात पिढ्यान्‌पिढ्या हाच अभ्यास. म्हणजे आपल्याकडे जसं डॉक्टरच्या मुलाने डॉक्टर व्हायचं असतं, तसंच काहीसं. फरक एवढाच की हा मुलगा बापापेक्षा फार पुढे गेला.

वयाच्या ३६व्या वर्षी, ११५०मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणिताध्याय आणि गोलाध्याय. पहिल्या दोन भागांचंच कौतुक सगळीकडे होतं. ते योग्यच आहे, कारण बीजगणितात चक्रवाल पद्धतीने त्यांनी असं एक समीकरण सोडवून दाखवलंय की ज्याचं सगळ्यात लहान पूर्णांकातलं उत्तरसुद्धा दहा आकडी येतं, आणि तेही कॅल्क्युलेटरशिवाय. पण मला बोलायचंय ते उरलेल्या दोन भागांबद्दल, ज्यांच्याकडे आपण कुणी फिरकत नाही.

ग्रहगणिताच्या सुरुवातीलाच ते वेळेची मापं सांगतात. १०० त्रुटी म्हणजे १ तत्पर, ३० तत्पर म्हणजे १ निमेष, १८ निमेष म्हणजे १ काष्ठा, ३० काष्ठा म्हणजे १ कला, ३० कला म्हणजे १ घटिका, २ घटिका म्हणजे १ क्षण, आणि असे ३० क्षण म्हणजे एक दिवस. मी गुणाकार करून बघितला. एका दिवसात २९१ कोटी ६० लाख त्रुटी बसतात, म्हणजे एक त्रुटी सुमारे ३० मायक्रोसेकंदांची. एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम प्रकार एका सेकंदाचे फक्त ३०० भाग करतो. त्यातला एक भाग त्रुटीपेक्षा शंभरपटीने मोठा आहे! अर्थात एवढं बारीक मोजणारं यंत्र तेव्हा कुणाकडेच नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मोजता येत नसलं तरी आकडेमोडीत जागा ठेवायची, हा विचार मला आवडला.

रोजच्या गणिताला मात्र साठचा सोपा हिशोब होता. दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं, पळाची ६० विपळं. घटिका म्हणजे आपली २४ मिनिटं, पळ म्हणजे २४ सेकंद.

आता मुख्य मुद्दा. महिना, पक्ष, तिथी, वार, अधिक महिना, क्षय तिथी, अशा भानगडी असलेली तारीख गणिताला फार त्रासदायक असते. दोन तारखांमध्ये किती दिवस गेले हे पटकन सांगता येत नाही. यावर आपल्या जुन्या ज्योतिर्विदांचा उपाय म्हणजे अहर्गण. अहन् म्हणजे दिवस, गण म्हणजे समूह. एक सुरुवातीचा दिवस ठरवायचा आणि तिथपासून आजपर्यंत किती दिवस गेले तो एकच आकडा काढायचा. गेलेल्या वर्षांचे सौर महिने करा, त्यात अधिक महिने मिळवा, तीसने गुणून तिथी करा, त्यातून क्षय तिथी वजा करा, की झाला अहर्गण. एकदा तो हातात आला की बाकी सगळं त्यातून निघतं. सातने भागून उरलेली बाकी म्हणजे वार. ग्रहाच्या रोजच्या गतीने गुणलं की ग्रह कुठे आहे ते कळतं.

मित्रमैत्रिणींनो, डेटाबेस हेच तर करतो. एसक्यूएल सर्व्हर आपल्या डेटटाइममध्ये १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस मोजतो. युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो. ओरॅकलमध्ये टू-कॅर फंक्शनला नुसतं 'जे' हे अक्षर दिलं तर ते इ. स. पूर्व ४७१२ पासूनच्या दिवसांचा आकडा देतं. हा तर सरळसरळ अहर्गणच झाला, फक्त सुरुवात वेगळी. आपल्याला स्क्रीनवर दिसणारी तारीख हा त्या साठवलेल्या किमतीला शेवटी चढवलेला ड्रेस असतो. ओरॅकलच्या डेट कॉलममध्ये सेकंदापर्यंतची वेळ असतेच, पण साधं सिलेक्ट केलं तर बहुतेक वेळा फक्त तारीख दिसते. मग फॉरमॅटमध्ये एचएच२४, एमआय, एसएस लिहून वेळ बाहेर काढावी लागते. इथे मिनिटासाठी एमएम लिहिलं तर मिनिटाच्या जागी महिना येतो आणि कुठलीही एरर येत नाही. नोव्हेंबरमध्ये प्रत्येक रेकॉर्डला ११ मिनिटं! जर्नलमध्ये ही गोष्ट लाल पेनने लिहून ठेवा, व्हायव्हाला हमखास विचारतात.

एका तारखेतून दुसरी वजा केली की ओरॅकल अपूर्णांकात दिवस देतो. पूर्णांकाचा भाग म्हणजे दिवस, दशांशचिन्हापुढचा भाग म्हणजे वेळ. त्याला २४ने गुणलं की तास, उरलेल्याला ६०ने गुणलं की मिनिटं. आता भास्कराचार्यांचं वर्ष बघा. त्यांनी घेतलेल्या आकड्यांत (हे ब्रह्मगुप्तांच्या परंपरेतून आलेत) ४३२ कोटी वर्षांच्या एका कल्पात १५७७९१६४५०००० दिवस येतात. भागाकार केला की वर्ष होतं ३६५.२५८४३७५ दिवसांचं. दशांशाचा भाग ६०ने गुणा: १५ घटिका. उरलेलं पुन्हा ६०ने: ३० पळं. पुन्हा ६०ने: साडेबावीस विपळं. २४ने गुणलं तर ६ तास १२ मिनिटं ९ सेकंद. पद्धत तीच, फक्त एका बाजूला साठ आणि दुसऱ्या बाजूला चोवीस. आजच्या मोजमापाने हे नाक्षत्र वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटं १० सेकंदांचं आहे. म्हणजे वर्षाला फक्त तीन मिनिटांचा फरक!

पण या पद्धतीत एक अडचण होती. सिद्धांतात अहर्गण कल्पाच्या आरंभापासून मोजायचा असतो. भास्कराचार्यांच्या हिशोबाने शककाल सुरू झाला तेव्हा कल्पाची १९७२९४७१७९ वर्षं संपलेली होती. ११५०मध्ये हा आकडा होतो सुमारे ७२ हजार कोटी दिवस, म्हणजे बारा आकडी संख्या. प्रत्येक ग्रहासाठी ती गुणायची आणि भागायची, तीही पाटीवर. एक आकडा चुकला की सगळं पंचांग चुकलं. पुस्तक कितीही महान असलं तरी गावातला साधा जोशी याला हात कसा लावणार?

आणि म्हणून मला त्यांचं शेवटचं पुस्तक सगळ्यात जास्त आवडतं. वयाच्या ६९व्या वर्षी त्यांनी 'करणकुतूहल' लिहिलं. करणग्रंथ म्हणजे रोजच्या वापराचं, शॉर्टकटचं पुस्तक. यात त्यांनी काय केलं, तर मोजायची सुरुवातच बदलली. शके ११०५चा आरंभ, २४ फेब्रुवारी ११८३, गुरुवार, हा शून्य दिवस धरला आणि त्या दिवसाची ग्रहांची स्थानं तयार करून देऊन टाकली. आता पुढच्या वर्षीचा अहर्गण तीनशे-चारशेच्या घरात आला. बारा आकड्यांवरून तीन आकड्यांवर! ज्या माणसाने तरुणपणी डोकं गरगरेल असा ग्रंथ लिहिला, त्याने म्हातारपणी दुसऱ्यांचं काम हलकं करायला बसावं, हे मला त्याच्या हुशारीपेक्षाही मोठं वाटतं. या पुस्तकावरून नंतर कित्येक शतकं पंचांगं होत राहिली.

शून्य दिवस कुठे ठेवायचा हा प्रश्न आजही मिटलेला नाही बरं का. १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या ३२ बिटच्या सिस्टिम्समध्ये १९ जानेवारी २०३८ला जागा संपते. महाराष्ट्रात भास्कराचार्यांनंतर गणेश दैवज्ञांनी १५२०मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला, तेव्हा त्यांनी ११ वर्षांचं एक चक्र केलं. चक्र संपलं की दिवसांचा आकडा परत शून्यापासून. त्यामुळे अहर्गण कधी ४०१६च्या पलीकडे जातच नाही. ओव्हरफ्लोवरचा इतका सोपा उपाय मला तरी माहीत नव्हता.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे आपला वाशिम जिल्हा येतो. अहर्गण मोजायचा सूर्योदयापासून, पण सूर्योदय कुठला? भास्कराचार्य सांगतात, लंकेचा. ही रामायणातली लंका नव्हे, तर विषुववृत्तावर कल्पिलेला एक बिंदू. तिथून उज्जैन आणि कुरुक्षेत्रावरून मेरूपर्यंत, म्हणजे उत्तर ध्रुवापर्यंत जी रेषा जाते ती शून्य रेषा. ग्रिनिचच्या कितीतरी शतकं आधीचं हे आपलं ग्रिनिच. यांच्याही पाचशे वर्षं आधी आणखी एक भास्कर होऊन गेले (१९७९मध्ये सोडलेल्या भारतीय उपग्रहाला या दोघांवरून भास्कर नाव दिलं). त्या पहिल्या भास्करांनी 'महाभास्करीय' या ग्रंथात या रेषेवरच्या गावांची यादी दिली आहे, आणि त्या यादीत उज्जैनबरोबर वत्सगुल्म आहे. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम! वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. गावातलं मध्यमेश्वराचं मंदिर याच मध्यरेषेची आठवण सांगतं असं जुने लोक मानतात. मी त्या मंदिरावरून हजार वेळा गेले असेन, पण मध्यम म्हणजे कशाचा मध्य हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

खरं बघायला गेलं तर वाशिम उज्जैनच्या बरोबर दक्षिणेला नाही. ते सव्वा अंशाहून थोडं जास्त पूर्वेला आहे, म्हणजे आपला सूर्य उज्जैनपेक्षा साधारण साडेपाच मिनिटं आधी माथ्यावर येतो. दूरवरच्या दोन गावांमधला असा फरक शोधायला जुन्या ज्योतिर्विदांनी चंद्रग्रहणाची युक्ती वापरली. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागतं. मग शून्य रेषेसाठी काढलेली वेळ आणि आपल्या गावात घटिपात्राने मोजलेली वेळ यांत जो फरक येईल तेच आपलं अंतर. एकाच इव्हेंटचे दोन टाइमस्टॅम्प घेऊन वजाबाकी करायची!

शून्य रेषेपासून आपल्या गावापर्यंतच्या या दुरुस्तीला देशांतर म्हणतात. ती पहिली. पण भास्कराचार्य तिथे थांबत नाहीत. विषुववृत्तापासून उत्तर-दक्षिण सरकल्यामुळे सूर्योदय मागेपुढे होतो, त्याची दुरुस्ती म्हणजे चर. सूर्य वर्षभर सारख्या वेगाने चालत नाही म्हणून भुजांतर. सूर्याचा मार्ग विषुववृत्ताला तिरका आहे म्हणून उदयांतर. साठवलेला आकडा आणि आपल्या अंगणातला सूर्य यांच्यामध्ये अशा चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी का लागते याचं कारणही त्यांनी स्वतःच लिहिलेल्या भाष्यात समजावून सांगितलंय. नुसता फॉर्म्युला देऊन मोकळे झाले नाहीत.

या देशांतराची किंमत आमच्या घराने मोजली आहे. माझ्या चुलत ताईचा जन्म वाशिमचा, पहाटेचा. दोन-तीन वर्षांपूर्वी एक स्थळ आलं होतं, सगळ्यांना पसंत होतं, ताईलाही. पत्रिका बघण्यासाठी त्या लोकांनी त्यांच्या गावात कॉम्प्युटरवर काढून घेतली आणि चार दिवसांनी निरोप आला की मुलीला कडक मंगळ आहे. आजीला पटेना, कारण हाताने केलेल्या जुन्या पत्रिकेत मंगळ नव्हता. शेवटी दादाने तो प्रिंटआउट मागवून घेतला. तारीख बरोबर, वेळ बरोबर, पण जन्मस्थळाच्या रकान्यात मुंबई. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असलेलं गाव कुणी बदललंच नव्हतं. वाशिम मुंबईपेक्षा सव्वाचार अंश पूर्वेला आहे, म्हणजे १७ मिनिटांचा फरक. तेवढ्यात लग्नराशी बदलली आणि मंगळ एका घरातून दुसऱ्या घरात गेला. चूक कळवली, तोपर्यंत तिकडे दुसरीकडे सुपारी फुटली होती.

मंगळावर माझा विश्वास नाही. मंगळामुळे माणसं दुरावतात असं मानायला मी तयार नाही. पण ज्यांचा विश्वास आहे त्यांनी निदान गणित तरी बरोबर करायला नको का? ज्या शास्त्राचं नाव घेऊन नकार दिला, त्याच शास्त्रातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने नऊशे वर्षांपूर्वी सांगितलेली पहिली दुरुस्ती विसरून? ताई पुण्यात नोकरी करते, मजेत आहे, हा विषय निघाला की हसते. आजी मात्र अजून हसत नाही.

डेटाबेसमध्येही हेच होतं. टाइमस्टॅम्पबरोबर टाइम झोन ठेवला नाही तर नुसत्या साडेपाचला काही अर्थ उरत नाही. आणि भारतभर आपण एकच वेळ वापरतो ती साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. त्यामुळे वाशिमला सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून २१ मिनिटं झालेली असतात. शाळेत शेड्यूल म्हणून पाठ केलेली दुपारची बारा ही आपल्या गावची दुपार नाहीच!

वेळ मोजायच्या यंत्रांसाठी त्यांनी गोलाध्यायात एक वेगळा अध्यायच दिला आहे. शंकू, घटी, चक्र, चाप, वगैरे. फलकयंत्र नावाचं एक यंत्र त्यांनी स्वतः बनवलं, ज्याने सूर्याची उंची बघून वेळ काढता येत असे. आणि या सगळ्यांपेक्षा वरचढ यंत्र म्हणून त्यांनी बुद्धीचं नाव घेतलंय.

म्हणूनच मला लीलावतीची ती प्रसिद्ध गोष्ट फारशी आवडत नाही. मुलीच्या लग्नासाठी वडिलांनी मुहूर्त काढला, पाण्यात भोक असलेलं घटिपात्र ठेवलं, ती वाकून बघत असताना तिच्या दागिन्यातला मोती पात्रात पडला, भोक बुजलं, पात्र बुडालंच नाही आणि मुहूर्त टळला. मग तिचं दुःख विसरायला वडिलांनी तिला गणित शिकवलं आणि पुस्तकाला तिचं नाव दिलं. ही गोष्ट भास्कराचार्यांनी कुठेही लिहिलेली नाही. ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे चारशे वर्षांनंतर. ज्याने सूर्योदयाला चार दुरुस्त्या सांगितल्या, तो माणूस स्वतःच्या मुलीच्या लग्नात एकाच भांड्यावर भिस्त ठेवून बसला असेल? आणि गणित शिकायला मुलीचं लग्न मोडावं लागतं, ही कल्पना तर मला अजिबातच मंजूर नाही. पुस्तकात मात्र एका चुणचुणीत मुलीला पुन्हा पुन्हा संबोधून उदाहरणं घातली आहेत, भुंगे, हंस, मोर, साप यांची. ती कोण होती हे राहू द्या, पण कुणीतरी एक मुलगी समोर बसून गणितं सोडवते आहे असं वाचताना वाटतं खरं.

११८३नंतर त्यांच्या आयुष्याबद्दल पुस्तकांतून काही कळत नाही. जे कळतं ते दगडावरून. मुलगा लक्ष्मीधर, त्याला यादव राजा जैत्रपाल आपल्या दरबारी घेऊन गेला. लक्ष्मीधराचा मुलगा चंगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चंगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळ पाटणला एक मठ काढला, आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने त्याला दान दिलं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५मध्ये या शिलालेखाची माहिती जगापुढे आणली. लेखात शके ११२८ आहे, श्रावणातली पौर्णिमा आणि चंद्रग्रहणाची वेळ. सुरुवातीला संस्कृतमध्ये त्रिविक्रमापासून चंगदेवापर्यंत सगळी वंशावळ येते. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात पाटणच्या बाजारात होणाऱ्या विक्रीतून मठाला काय काय द्यायचं, त्याची यादी आहे.